कच्चा थर

रात्री दोन चाळीसला पाइपलाइन पडली.
फोन उशाशीच असतो, थरथरला.
एकशे त्रेचाळीस मंड्यांपैकी एकशे बेचाळीस आल्या होत्या,
लसूण, सोयाबीन, डॉलर चणा,
किमान, कमाल,
मुकाट आपापल्या रकान्यात जाऊन बसल्या होत्या.
एकच दारात अडली होती.

बाबा जागेच होते. आज पाण्याचा दिवस.
निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी सुदामा नगरात
नळाच्या आधी तेच उठतात.
अख्खी नोकरी जलूदच्या पंपावर:
नर्मदेला उचलायचं, विंध्याचा घाट चढवायचा,
आणि इंदूरच्या बादलीत सोडायचं.
यात त्यांचा वाटा एक पाना आणि एक रजिस्टर.

"तुझं काय फुटलं?"

पूर्वी एकदा मी सांगून पाहिलं होतं
की माझीही लाइन आहे,
लोकांच्या पानांवरून ओढते
आणि दूर कुठल्याशा गारठवलेल्या खोलीत नेऊन सोडते;
तिथे तलाव आहे, पण घरासारखे कप्पे असलेला.
"मग टाकी म्हण ना त्याला," बाबा.
थर तीन, मी म्हटलं. कांसं, चांदी, सोनं.
"म्हणजे सराफाच," आई पोळी उलटत म्हणाली,
"रात्री भुट्ट्याचा कीस पण मिळत असेल."

बाबांना फक्त पहिला थर पटला,
जिथे सगळं आलं तसंच राहतं:
गाळ, शेवाळ, दोनदा आलेलं, अर्धवट.
"गढूळच आण. तिकडे गाळून आणलंस
तर काय गाळलं ते इकडे कुणाला कळणार?"

लॉग उघडला.
कमाल भाव, लसूण. अंक अपेक्षित.
आलंय: ?? ??? ???

त्या प्रश्नचिन्हांवर मी जरा चिडले.
मग एन्कोडिंग बदललं
आणि तळातून यावीत तशी एकेक अक्षरं वर आली:
आज तौल बंद. गेंदालाल हम्माल नहीं रहे.

कुणीतरी बसून टाइप केलं असणार.
त्या पानावर याला दुसरी जागा नव्हती.
माझ्या टेबलातही नव्हती, म्हणा.

विजय नगरहून लोकेंद्रचा मेसेज आला:
"भिया, नल कर और सो जा."
(तो मलाही भियाच म्हणतो.)
मी पुटपुटले, नल.
बाबा आतून: "आला?"
"नाही हो. माझा वेगळा."

केलं नल.
सोन्याच्या थरात त्या मंडीचा तो दिवस
सरासरीत बुजून गेला.
आलेखाची रेघ हललीसुद्धा नाही.

बाबांच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असायचा: शेरा.
पातळी, दाब, तास, शेरा.
शाळेच्या सुट्टीत मी तेवढाच वाचायचे.
पंप दोन बंद.
पाणी लाल.
वीज नाही, चार दहा ते पाच.
आणि एका पानावर, निळ्या शाईत: रजा हवी होती.
तो कुठला दिवस, हे विचारायचं राहून गेलंय.

साडेतीनला मी एक रकाना वाढवला.
शेरा. मजकूर, लांबी कितीही.
गिऱ्हाइकानं मागितलेला नाही.
सोमवारी कुणी विचारलंच तर
मला धड उत्तर देता येणार नाही.
एकशे बेचाळीस ओळींत तो रिकामा आहे.

पाच वाजता नळ आधी खोकला.
नुसती हवा, मग गंजाचा एक घोट,
मग पाणी.
पहिली बादली बाबा कधीच ओतून देत नाहीत.
ओट्याखाली झाकून ठेवतात,
खाली काय बसतं ते
उजाडल्यावर बघायला.